यंत्राचा खंड

माझ्या भाच्याच्या, जालिंदरच्या, पोराचं जावळ काढलं त्या सालची ही गोष्ट. पोर मामाच्या मांडीवर बसून मांडव डोक्यावर घेत होतं, न्हावी वस्तरा मागं लपवून त्याला चुचकारत होता आणि वर्कशॉपच्या पाठीमागं चुलवणावर मटणाचा रस्सा रटरटत होता.

"वन्सं, मला रस्सा नगं, पर झाकण तरी काढा. वासाला काय मीठ लागत न्हाई," सगुणा म्हणाली.

सगुणा माझी भावजय. धाकट्या भावाची, रंगरावाची, बायको आणि जालिंदरची आई. मांडवाच्या कडेला बाजल्यावर पाय वर घेऊन बसली होती. पाय सुजून त्यांना चकाकी आली होती. बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं, पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मिरजेला नेऊन मशीनवर तिचं रक्त धुवून आणावं लागायचं.

"वासानं पोट भरलं असतं तर आचारी जाडीनं मेलं असतं," मी म्हणाले.

ती हसली. हसता हसता धाप लागली, म्हणून थांबली.

आम्ही लोहार. बापाचा भाता होता, रंगरावानं त्याचं वर्कशॉप केलं. आमच्या तासगाव भागात द्राक्षाच्या बागा वाढल्या, बेदाण्याच्या शेड उभ्या राहिल्या. द्राक्षं वाळून बेदाणा झाला की त्याचे देठ काढावे लागतात. आधी ते बायका हातानं काढायच्या. नवरा गेल्यावर मी भावाकडं राहायला आले तेव्हापासून मीही काढले. पुढं लोखंडी दात्यांची यंत्रं आली, पण त्यांनी बेदाण्याची साल फाटायची, आतली साखर बाहेर यायची आणि मालाचा लगदा व्हायचा. रंगरावानं दाते काढून टाकले आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून पिंपात बसवले. देठ तुटायचा, बेदाणा अखंड राहायचा. ही अक्कल त्याला सगुणाचा हात बघून सुचली. ती बेदाणा चिमटीत धरायची नाही, तळव्याखाली घोळवायची. म्हणून यंत्रावर त्यानं तिच्या नावाची पितळी पट्टी लावली. मी पन्नाशीला आल्यावर सगुणाकडूनच अक्षरं शिकले. पहिला शब्द वाचला तो त्या पट्टीवरचा.

शेतकी कॉलेजच्या एका सरांनी यंत्र पाहिलं आणि रंगरावाला पुण्याच्या करमरकर वकिलांकडं नेलं. वकिलांनी पेटंट काढून दिलं. वीस वर्षं हे यंत्र रंगरावाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी बनवायचं नाही, असा त्याचा अर्थ. पण कागद हातात आला म्हणजे भागलं असं नव्हतं. पेटंट जिवंत ठेवायचं तर दर साली ठरलेल्या दिवसाच्या आत सरकारात फी भरावी लागे. आम्ही तिला खंड म्हणायचो. दुसऱ्याची जमीन कसायला घेतली की मालकाला सालाचा खंड देतात, तसा.

"अक्कल माझी आन खंड सरकारला!" रंगराव दर साली म्हणायचा. आणि दर साली खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहून, दिवाळीच्या आत पुण्याची एस.टी. धरायचा. मला सोबत न्यायचा. वकिलांच्या जिन्याखाली मी पिशवी धरून उभी राहायची, तो वर जाऊन खंड भरून यायचा.

जावळाच्या जेवणावळी उठल्या. पाहुणे गेले. मी वर्कशॉपात सांडलेलं गोळा करत होते, रंगराव हत्यारं आवरत होता. जालिंदर पान चघळत आला आणि लेथवर टेकून उभा राहिला. वर्कशॉप आणि घर यांच्यामध्ये एक पत्रा होता. पत्र्यापलीकडं सगुणाचं बाजलं टाकलं होतं.

"अण्णा, एक इचारू? आईचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी?"

"डॉक्टरनं सांगितलंय, ह्यातनं बरं व्हायचं न्हाई. आठवड्याला दोनदा जायाचं, ते मरस्तवर जायाचं. हिकडं नव्या शेडचा पाया काढलाय. बेदाण्यावाल्यांचं पैसं अजून अडकल्यात. तुमी मिस्त्री हाय, मिस्त्री म्हणून सांगा. बेअरिंग गेलंय, शाफ्ट घासलाय. किती दिवस ग्रीस घालून फिरवायचं?"

रंगरावाच्या हातात पाना होता, तो चिंधीनं पुसत राहिला.

"तुझी आई हाय रं ती," मी म्हणाले.

"आई हाय म्हणूनच म्हणतोय, आत्ती. सुया टोचून तिचा हात चाळण झालाय. हाल बघवत न्हाईत."

पत्र्यापलीकडं बाजलं करकरलं. मी आत जाऊन पाहिलं तर सगुणा डोळे मिटून पडली होती. झोपलेल्या माणसाच्या पापण्या हलत नाहीत. तिच्या हलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अवो, मला आता मिरजेला नगं. कटाळा आला."

"बघा," जालिंदर चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "आईच नगं म्हणतीया."

"जायाचं," रंगराव म्हणाला.

तो तिला न्यायचा. सगळा व्यवहार मात्र जालिंदरच्या हातात होता. वर्कशॉपची किल्ली, बँक, येणं-देणं सगळं त्याच्याकडं. दवाखान्याचे पैसे तो एकदा द्यायचा, एकदा उद्यावर ढकलायचा. 'दिवाळीनंतर बघू' हा शब्द त्या घरात तेव्हा फार ऐकला. खंडाचे पैसे मात्र त्यानं न मागता आणून बापाच्या हातात ठेवले.

"अण्णा, चुकवू नगा हां. नाशिकची पार्टी पेटंट इकत घ्यायचं म्हणतीया. आज न्हाई तर उद्या येतीलच."

रंगरावानं पैसे कोपरीच्या आतल्या खिशात घातले आणि वरून पिन लावली.

त्या साली मिरजेचा दिवस आणि पुण्याला निघायचा दिवस एकच आला. खंडाची तारीख दुसऱ्या दिवशी संपत होती. सकाळीच रंगराव सगुणाला घेऊन, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं मिरजेला गेला. जालिंदर म्हणाला, "तुमी पुढं व्हा. मी पैसं घिऊन दवाखान्यात येतो. तितनंच तुमी पुण्याला जावा, आईला मी माघारी आणतो."

दुपार व्हायच्या आत सगुणा परत आली. एकटीच. वडापवाल्यानं तिला दारात उतरवलं. मी धावत जाऊन तिला धरलं.

"एवढ्यात झालं?"

"न्हाई वन्सं. आज मशीन बंद हुतं म्हणं."

"आन रंगा?"

"ते पुण्याला गेलं तकडनंच. खंडाचा दिस गाठायचा न्हवं?"

"आन ह्यो जालिंदर?"

"त्याला काम आलं आसंल."

बाजल्यावर पडली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "वन्सं, एक फोड द्या की लोणच्याची."

"मीठ हाय त्यात."

"ठावं हाय."

मी एक फोड दिली. तिनं ती चोखून चोखून संपवली, कोय हातात धरून बसली आणि म्हणाली, "ब्येस मुरलंय." मग कोय माझ्या हातात दिली.

रंगराव पुण्याहून आला तेव्हा तिला बसवत नव्हतं. छातीत पाणी भरलं होतं. जालिंदर म्हणाला, आता सोमवारी नेऊ. सोमवार तिला दिसला नाही. आमच्या दारात गाय-वासराच्या पूजेची रांगोळी होती, ती लोकांच्या पायांनी पुसली.

तेराव्याला जालिंदरनं गाव जेवू घातला. बुंदीचे लाडू होते. लोक म्हणाले, आईचं करावं तर असं.

रंगराव रडला नाही. कुणाशी भांडलाही नाही. कामावर बसायचा, पट्टे कापायचा, पट्टी बसवायचा. सून वैजयंता ताट वाढायची ते जेवायचा. नातवाला खांद्यावर घेऊन फिरायचा. माझ्या मनात आलं, मोठा सोशिक आहे हा.

वर्ष फिरलं. खंडेनवमी आली. रंगरावानं यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाला, "आक्का, पुण्याला चल."

आम्ही गेलो. वकिलांच्या जिन्याखाली मी पिशवी घेऊन उभी राहिले, तो वर चढला. मागल्या सालांत मला उभं राहून राहून पायाला मुंग्या यायच्या. या वेळी मी पिशवी या हातातून त्या हातात घेते न घेते तोच तो खाली आला.

"झालं?"

"झालं."

मग त्यानं कधी नव्हे ते मला हॉटेलात नेलं आणि मसाला डोसा खायला घातला. मी म्हणाले, "रंगा, पैसं कुठलं रं?" तो म्हणाला, "हाईत. खा." स्वतः नुसता चहा प्यायला.

त्याच्या पुढच्या सालीही तो पुण्याला गेला, पण एकटाच. मला म्हणाला, "तुझं गुडघं दुखत्यात, बस घरात."

संक्रांत झाली आणि नाशिकची पार्टी आली. दोन माणसं, पांढरी गाडी. त्यांनी यंत्र चालवून पाहिलं, हातात बेदाणा घेऊन दाबून पाहिला, एकमेकांकडं बघितलं. पेटंट ते विकत घेणार होते, आणि यंत्रं बनवायचं काम जालिंदरच्याच नव्या शेडमध्ये होणार होतं. जालिंदरनं इसार घेतला. इसार शेडच्या पत्र्यात गेला, वर बँकेचं कर्ज काढलं. वैजयंतानं घरात पेढे वाटले. रंगरावाच्या हातावर पेढा ठेवला तर त्यानं तो नातवाला दिला.

"मामंजी, तुमी बी खावा की. तुमचंच तर यंत्र."

"मला साखर हाय," रंगराव म्हणाला. ते खरं होतं.

चार दिवसांनी नाशिकहून फोन आला. जालिंदर वर्कशॉपात बोलत होता. आधी हसत होता. मग "काय? काय म्हणता?" एवढंच म्हणत राहिला. फोन ठेवून तो बापासमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा, ते म्हणत्यात पेटंट बंद पडलंय. खंड भरलेला न्हाई म्हणत्यात. दोन सालाचा."

रंगराव कात्रीनं ट्यूब कापत होता.

"तुमी भरलासा न्हवं? पुण्याला गेला हुतासा न्हवं? आत्ती, तू बी गेली हुतीस की!"

"म्या खालीच हुते," मी म्हणाले.

"वकिलानं खाल्लं म्हणायचं पैसं!" जालिंदर ओरडला. "चला. आत्ताच्या आत्ता चला. आत्ती, तू बी चल, साक्षीला."

वाटेत तो बराचसा शांत झाला. मित्राची गाडी आणली होती, ती चालवता चालवता स्वतःलाच समजावत होता. "काय न्हाई हुत. थकलंय ते दंडासकट भरू. लाइटचं बिल थकलं की मीटर काढून नेत्यात, भरलं की बसिवत्यात. सरकार कुठलं बी आसूं दे, पैसं आलं की गप बसतंय." रंगराव मागं माझ्याशेजारी बसला होता आणि खिडकीतून ऊस बघत होता.

त्या साली मी पहिल्यांदा वकिलांचा जिना चढले. करमरकर वकील म्हातारे, बोलायला सौम्य. जालिंदरनं दारातूनच आवाज चढवला, तर ते म्हणाले, "बसा. आधी पाणी प्या. पैसे माझ्याकडं आलेच नाहीत. मी दोनदा पत्र पाठवलं, फोन केला. रंगराव, तुम्हीच फोनवर म्हणालात ना, 'येतो'?"

"म्हणालो," रंगराव म्हणाला.

जालिंदरनं बापाकडं पाहिलं. मग वकिलांकडं वळला. "जाऊ दे. म्हातारं माणूस. आता भरून घ्या. दंड काय आसंल त्यो लावा."

"असं नुसतं भरून चालत नाही. तारखेनंतर सहा महिने दंडानं भरता येतं, ते कधीच संपले. आता पेटंट मेलेलं आहे."

जालिंदर खुर्चीवरून अर्धा उठला. वकिलांनी हात वर केला. "थांबा. मेलेलं पेटंट पुन्हा उठवता येतं. त्याला दीड वर्षाची मुदत असते. ती संपायला अजून थोडे दिवस आहेत, वेळेवर आलात. अट एकच. मालकानं शपथेवर लिहून द्यायचं, की खंड जाणूनबुजून चुकवला नाही, नकळत राहून गेला."

"मग द्या की लिहून!" जालिंदर म्हणाला.

"मालक रंगराव आहेत. सही त्यांची लागेल." वकील रंगरावाकडं झुकले. "रंगराव, तुमच्या पत्नी गेल्या. तुम्ही दुःखात होता, तारीख लक्षात राहिली नाही. माणसाचं होतं असं. साहेब लोकही समजून घेतात. एवढंच लिहू. हे खरंच आहे ना?"

"न्हाई," रंगराव म्हणाला.

"म्हणजे?"

"मी इसरलो न्हाई, वकीलसाहेब. खंडाचा दिस मला पोराच्या वाढदिसावाणी पाठ हाय. आलो हुतो मी. ह्या तुमच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो हुतो. पैसं कोपरीत हुतं. बसलो, उठलो, खाली गेलो. आक्काला डोसा चारला. ऱ्हायलेलं पैसं गावाकडं येऊन नदीत सोडलं. पुढच्या साली बी तसंच."

मला त्या डोशाची चव आठवली आणि तोंड कडू झालं.

"अण्णा," जालिंदर हळू आवाजात म्हणाला, "का?"

"तूच सांगितलंस की. बेअरिंग गेलंय. किती दिवस ग्रीस घालायचं?"

जालिंदर खुर्चीवर बसला होता तो उठला आणि पुन्हा बसला.

"आई स्वतः नगं म्हणाली हुती!"

"तुजं ऐकलं, मग म्हणाली. पत्र्यापल्याड जागीच हुती ती."

"मी तिचं हाल..."

"तिच्या मशीनचं पैसं घिऊन मिरजेला येतो म्हणालास. आलास?"

"शेडचा कंत्राटदार आला हुता. आन..." जालिंदर एकदम थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. कोंडीत सापडलेल्या कुत्र्याला फट दिसावी तसं. "आन तुमी? तुमी तर तितंच हुता. मी आलो न्हाई, पर तुमच्या कोपरीत खंडाचं पैसं हुतं. म्याच दिलं हुतं. ते का न्हाई भरलं दवाखान्यात?"

मी रंगरावाकडं पाहिलं. मला वाटलं तो म्हणेल, मशीन बंद होतं. सगुणानं मला तेच सांगितलं होतं.

"न्हाई भरलं," रंगराव म्हणाला. "खिडकीवरची बाई म्हणाली, आधी मागचं भरा, मग आत घ्या. ही बाकड्यावर बसली हुती. मी पिन काढली. पैसं हातात घेतलं. दोन-तीन वेळंचं भागलं असतं. पर दुसऱ्या दिशी खंडाची तारीख. म्हणालो, यंत्र गेलं तर पुना येत न्हाई, हिचं काय, सोमवारी बघू. तुजाच बाप न्हवं मी. हिनं माझ्या हाताकडं बघितलं आन म्हणाली, 'अवो, खंड आधी भरा.' मी पिन लावली. हिला वडापात बसिवलं आन टेसनावर गेलो."

तो माझ्याकडं वळला. मग मला म्हणाला, "तुला काय सांगितलं तिनं, आक्का?"

"मशीन बंद हुतं म्हणाली."

"हां," तो म्हणाला. "म्हंजी घरात मला लाज नगं म्हणून."

वकिलांनी टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला.

जालिंदर खुर्चीवरून खाली उतरला. त्या फरशीवर त्यानं गुडघे टेकले. "अण्णा, माझं चुकलं. तुमचं बी चुकलं. पर आई आता येत न्हाई. हे येतंय. एक सही करा. नुसतं 'इसरलो' म्हणा. घर ग्येलं माझं, बँक दारात ईल. तुमच्या नातवाचं तोंड बघा." आणि त्यानं बापाचे पाय धरायला हात पुढं केले.

रंगरावानं पाय उचलले. दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले आणि मांडी घातली. सगुणा बाजल्यावर बसायची तसं. जालिंदरचे हात फरशीवर पडले.

"आत्ती, तू तरी सांग," जालिंदर म्हणाला. तो रडत होता.

"रंगा," मी म्हणाले, "लेकरू हाय रं."

"तिला बी लेकरूच हुतं," रंगराव म्हणाला. "वकीलसाहेब, मी इसरलो असं लिवायचं न्हाई. मी ध्यानात ठिवून भरला न्हाई. आसं लिवून चालत आसंल तर आना, सही करतो."

"तसं चालत नाही," वकील म्हणाले.

"मग चला."

मुदत संपेपर्यंत घरात रोज तेच चाललं. वैजयंता रडली, माहेरचे पाहुणे आणले, त्यांनी समजावलं. नातवाला पुढं करून 'आज्या, सही कर' म्हणायला लावलं. पोर ते शब्द गाण्यासारखे म्हणायचं. रंगराव त्याचे गाल कुरवाळायचा आणि पट्टे कापायचा. जालिंदरनं एकदा पाना उचलला होता, बापावर. तो त्यानं शेवटी यंत्रावर हाणला. पितळी पट्टी वाकली. तारीख उलटली त्या दिवशी रंगरावानं पट्टी काढून सरळ केली आणि पुन्हा बसवली.

नाशिकच्या पार्टीनं इसार परत मागितला आणि हसत हसत स्वतःच यंत्र बनवायला घेतलं. उघड्यावर पडलेली वस्तू विकत कशाला घ्यायची? दोन हंगामांत तेच यंत्र तासगावपासून विजापूरपर्यंत झालं. ट्यूबचे पट्टे, तसंच पिंप, फक्त नाव वेगळं. आमची अर्धी शेड बँकेनं घेतली. जालिंदर कुपवाडला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. तिथं तो तेच यंत्र जोडायचा, दुसऱ्याच्या नावाचं.

बापाशी त्यानं बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवर, वर्षानुवर्षं. ताट यायचं, ताट जायचं.

मग रंगरावाच्या पायांना सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा. साखरेनं त्याच्याही किडन्या खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा मशीन सांगितलं. मला वाटलं होतं, जालिंदर आता सोडून देईल.

जालिंदरनं सोडलं नाही. त्यानं जुनी गाडी घेतली, कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी बाजल्यापुढं येऊन म्हणायचा, "चला." इतक्या वर्षांत बापाशी तो एवढाच एक शब्द बोलला. पाऊस असो, सण असो, एक खेप त्यानं चुकवली नाही. कर्ज काढलं, वैजयंताच्या पाटल्या मोडल्या, पण खिडकीवर पैसे आधी भरायचा. रंगरावाचा हात चाळण झाला. एका हाताची शीर संपली तेव्हा सुयांसाठी दुसऱ्या हाताची शीर धरली. गावातली माणसं म्हणायची, पोरगा असावा तर असा.

"आक्का," रंगराव एकदा मला म्हणाला, "त्याला सांग, बास झालं. मला जाऊ दे. लई हाल हुत्यात."

मी जालिंदरला सांगितलं. तो बूट घालत होता.

"आत्ती," तो म्हणाला, "आपल्यात खंड चुकवत न्हाईत."

त्याच आठवड्यात रंगरावानं लोणच्याची फोड मागितली. मी वाटीत घेऊन निघाले तर जालिंदर दारात उभा होता. त्यानं वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"डॉक्टरनं मीठ तोडलंय," म्हणाला, आणि फोड नळाखाली धुऊन कोंबड्यांना टाकली.

रंगरावानं ते बाजल्यावरून पाहिलं. मान भिंतीकडं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी जालिंदर पुढं येऊन म्हणाला, "चला." रंगराव उठला नाही, तर त्यानं बापाला लेकरासारखं उचललं आणि गाडीत नेऊन बसवलं. असं दीड वर्ष चाललं.

सगुणा वारली २००५ साली, वसुबारसेला, घरात. रंगराव वारला २०१७ साली, श्रावणात, मिरजेला, मशीन चालू असताना. त्या दिवसाचे पैसे जालिंदरनं आधीच भरले होते.